शब्दांचे कूळ सांगणारा कवी

गाणगापुरास दत्तदर्शनाला गेलो असता, भीमा-अमरजेच्या संगमावरून मठाकडे परतताना फुलवाल्याच्या हातातील कैची दृष्टीस पडली आणि आपल्या बडोद्यास जन्मलेल्या एका विद्वानाचे स्मरण झाले. कैची शब्द मूळचा तुर्की. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. अशा शब्दांचे कूळ शोधण्यात माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांनी उमेदीची वर्षे वेचली.

त्यांचा जन्म २१ जानेवारी १८९४ चा. फारसीचा व्यासंग करून ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात तीच भाषा शिकवू लागले. १९२५ साली भारत इतिहास संशोधक मंडळाने त्यांचा फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला. जुनी दप्तरे वाचणाऱ्यांची त्यामुळे मोठीच सोय झाली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते अखेरपर्यंत अध्यापक होते.

फारसीबरोबर आलेल्या तुर्की शब्दांचा प्रवास मोठा नवलाचा आहे. तुर्कीत ‘तोप’ म्हणजे गोल वस्तू, चेंडू, आणि तोफही. कॉकेशसच्या कुशीतील जॉर्जियन भाषेत ‘तोपी’ म्हणजे बंदूक, आपल्याकडे तोफ. आपला बहाद्दर तिकडे ओसेशियन भाषेत ‘बगातिर’ होतो. मशालची, खजानची यांतील ‘ची’ हा प्रत्ययही तुर्कीच. माणसेही त्याच वाटेने आली. गाणगापुराहून फार दूर नसलेल्या बिदरात बरीदशाही स्थापणारा कासीम बरीद हा जॉर्जियाकडून गुलाम म्हणून आलेला तुर्क होता, असे इतिहासकार सांगतात.

पण या शब्दांचा जाणता पुढे त्यांच्याच विरुद्ध उभा राहिला. १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून माधवरावांनी परकी शब्द शक्य तेथे टाळावेत, स्वभाषेतून नवे घडवावेत, असा आग्रह धरला. त्याच वर्षी छंदःशास्त्रावरील ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. दिली. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले.

त्यांच्या आग्रहामागे मराठीचा अभिमान होता. मराठीने उसनवारीवर जगू नये ही तळमळ मला आजही मोलाची वाटते. तरी कैचीला परकी म्हणायला जीभ रेटत नाही. गुरुचरित्रात बिदरचा यवन राजा मांडीवरील फोडाने व्याकूळ होऊन गाणगापुरी येतो, तेव्हा श्रीगुरू त्याला पूर्वजन्मीचा आपला रजक भक्त म्हणून ओळखतात. शब्दांचे कूळ माधवरावांनी आपल्याला दाखविले, हे त्यांचे ऋण आहेच. पण पिढ्यान्‌पिढ्या घरात वावरलेल्या शब्दाला घरचा म्हणून ओळखणे, हेही मराठीपणच नव्हे काय?