निवारा देणारे श्रीगाडगे महाराज

आपल्या गोंदिया जिल्ह्यांत माघी पौर्णिमेस कचारगडास व महाशिवरात्रीस प्रतापगडास मोठी यात्रा भरते. दूरदूरच्या गांवांहून शिधा व पांघरूण बरोबर घेऊन गोरगरीब येतात. रात्र पडली कीं, पदरीं पैसा नसणाऱ्यापुढें एकच प्रश्न उभा राहतो : आतां पाठ कोठें टेकावी? हा प्रश्न सोडविण्याकरितां ज्यांनीं आपला देह झिजविला, त्या आपल्याच विदर्भांतील श्रीगाडगे महाराजांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

महाराजांचा जन्म ता. २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं एका परीट कुटुंबांत झाला. त्यांचें मूळ नांव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. पित्याचें छत्र बालपणींच हरपल्यामुळें मातोश्री सखूबाई त्यांस घेऊन दापुरें येथें माहेरीं राहिल्या. तेथें गुरें राखण्यांत व शेतीच्या कष्टांत त्यांचे दिवस गेले. शाळेचें शिक्षण त्यांस लाभलें नाहीं. सन १९०५ मध्यें त्यांनीं घर सोडिलें. अंगावर चिंध्यांचें वस्त्र, हातीं खराटा व एक मातीचें गाडगें, एवढीच त्यांची मालमत्ता. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांस गाडगे महाराज म्हणूं लागले. एखाद्या गांवीं गेले म्हणजे आधीं तेथील रस्ते झाडावे, रात्रीं कीर्तन करावें व पुढील गांवची वाट धरावी, असा त्यांचा क्रम असे.

ह्या भ्रमंतींत उघड्यावर रात्र काढणें म्हणजे काय, हें ते स्वतः अनुभवीत होते. आषाढी वारीस पंढरपुरीं ऐपतदारांस भाड्यानें जागा मिळे. गरिबांस भर पावसांत आभाळाखालीं निजावें लागे. अस्पृश्य मानलेल्या बांधवांची स्थिति तर याहूनही कठीण! त्यांनीं पैसा देऊं केला, तरी त्यांस कोणाची ओसरी मोकळी नव्हती. महाराजांनीं ह्या बांधवांकरितां सन १९१७ चे सुमारास पंढरपुरांत चोखामेळा धर्मशाळेचें कार्य हातीं घेतलें. पुढें तेथेंच मराठा धर्मशाळा व नाशिक, देहू, आळंदी इत्यादि ठिकाणींही धर्मशाळा उभ्या राहिल्या.

एवढें द्रव्य आलें कोठून, असें आमच्या बालवाचकांस वाटेल. महाराजांचें कीर्तन ऐकून श्रीमंतांनीं मोठ्या देणग्या दिल्या, तसेंच कष्टकऱ्यांनींही आपल्या मिळकतींतून कांहीं बाजूस काढून दिलें. ह्या पैशास महाराजांनीं स्वतःकरितां स्पर्श केला नाहीं. इमारती त्यांनीं विश्वस्तांच्या स्वाधीन केल्या. आपल्या कुटुंबियांकरितां त्यांत हक्क ठेविला नाहीं. ज्यांच्या शब्दानें सहस्रावधि लोकांस छप्पर मिळालें, ते स्वतः मात्र झाडाखालीं निजत राहिले! सन १९४९ मध्यें चोखामेळा धर्मशाळेची वास्तु त्यांनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस दिली. यात्रेकरूंचें तें घर विद्यार्थ्यांच्या उपयोगीं पडलें.

ता. २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीजवळ वलगांव येथें प्रवासांतच त्यांचें देहावसान झालें. परंतु कार्य थांबलें नाहीं. मुंबईंत दादर येथें त्यांच्या नांवें चालणाऱ्या धर्मशाळेंत कर्करोगाच्या उपचारार्थ येणाऱ्या परगांवच्या रोग्यांस व त्यांच्या सोबत्यांस अल्प खर्चांत राहतां येतें. मोठ्या शहरांत औषधाइतकीच मुक्कामाचीही विवंचना असते, हें ज्या घरांनीं सोसलें आहे त्यांस ह्या आश्रयाचें मोल आम्हीं सांगावयास नको.

विद्यार्थिमित्रांनो, सहलीस वा यात्रेस जाऊन तुम्ही एखाद्या धर्मशाळेंत उतराल, तेव्हां ती जागा अल्प मोलाची म्हणून हलकी लेखूं नका. निघतांना ती झाडून स्वच्छ करा; कारण तुमच्यामागून येणाराही थकलेलाच असेल. हातीं खराटा घेऊन फिरणाऱ्या त्या थोर पुरुषास याहून उचित वंदन तें कोणतें?