वाट एकाची, जमीन दुसऱ्याची

कसेल त्याची जमीन, हे सूत्र कूळकायद्याच्या काळापासून मराठी माणसाच्या परिचयाचे आहे. जो भूमीसाठी राबतो आणि प्रसंगी जीव धोक्यात घालतो, त्याचाच तिच्यावर हक्क, हा न्याय मनाला पटतो. व्यवहारात मात्र तो चालतोच असे नाही. अमेरिकेतील केंटकीची वाट ज्याने मोकळी केली आणि १७७५ साली तेथे बून्सबरो हे गाव वसविले, त्या डॅनियल बूनचे चरित्र आम्हांस या दृष्टीने विचार करण्याजोगे वाटते. लोक त्यास ओळखतात ते केसाळ कातड्याची टोपी घातलेला शिकारी म्हणून. वस्तुतः तो साधी फेल्टची टोपी वापरी. आणि केवळ शिकारी म्हणून त्याच्याकडे पाहिल्यास त्याच्या आयुष्यातील खरी गोष्ट हातून निसटते.

बूनचा जन्म १७३४ साली पेनसिल्व्हेनियातील एका क्वेकर कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब नॉर्थ कॅरोलायनात याडकिन नदीच्या खोऱ्यात जाऊन राहिले. शाळेचे शिक्षण त्यास फारसे लाभले नाही. अरण्याच्या खाणाखुणा मात्र तो अचूक जाणत असे. १७५६ साली रिबेका ब्रायन हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि त्यांस दहा अपत्ये झाली. हरणांची कातडी विकून एवढा प्रपंच चालवायचा, तर कर्ज ठरलेलेच. १७६९ साली तो कंबरलंड खिंड ओलांडून केंटकीत उतरला आणि सुमारे दोन वर्षे तेथे भटकला. गवताळ मैदाने आणि गव्यांचे कळप पाहून तेथेच घर करावे, हे त्याच्या मनाने घेतले.

परंतु ती भूमी बेवारस नव्हती. शॉनी आणि चेरोकी लोकांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची शिकारभूमी होती. पर्वतापलीकडे वसाहत करू नये, असे ब्रिटिश राजाने १७६३ सालीच जाहीर केले होते. १७७३ साली बून कुटुंबकबिल्यासह निघाला, तेव्हा वाटेतच त्याचा सोळा वर्षांचा थोरला मुलगा जेम्स मारला गेला. त्या वेळी तो माघारी फिरला; बेत मात्र त्याने सोडला नाही.

१७७५ च्या मार्चमध्ये रिचर्ड हेंडर्सन या धनाढ्य वकिलाच्या कंपनीने दहा हजार पौंडांच्या मालाच्या मोबदल्यात चेरोकींकडून सुमारे दोन कोटी एकर भूमी विकत घेतली. ड्रॅगिंग कनू या तरुण सरदाराने त्या व्यवहारास कडाडून विरोध केला. शॉनींस तर कोणी विचारलेही नाही. बूनने सुमारे तीस कुऱ्हाडकरी बरोबर घेऊन कंबरलंड खिंडीतून दोनशे मैलांची वाट पाडली आणि केंटकी नदीच्या काठी गढी उभारली. तेच बून्सबरो. या कामगिरीबद्दल कंपनीने त्यास दोन हजार एकर जमीन कबूल केली होती.

१७७८ च्या फेब्रुवारीत मीठ तयार करण्यासाठी गेलेली त्याची टोळी शॉनींच्या हाती लागली. गाव वाचविण्यासाठी बूनने आपल्या माणसांस शरण जाण्यास सांगितले. शॉनी सरदार ब्लॅकफिश याने त्यास पुत्र मानून घरी ठेविले. परंतु गावावर स्वारी होणार हे कळताच जूनमध्ये तो निसटला आणि चार दिवसांत सुमारे १६० मैल तुडवीत घरी पोहोचला. नवरा मेला असे समजून रिबेका तोवर मुलांसह माहेरच्या मुलखात परतली होती. सप्टेंबरचा वेढा बून्सबरोने टिकून राहून परतविला. त्यानंतर बूनवर आरोप आला तो फितुरीचा, आणि तोही आपल्याच माणसांकडून! लष्करी चौकशीत तो निर्दोष ठरला. १७८२ साली ब्लू लिक्सच्या लढाईत इझ्राएल हा आणखी एक मुलगा त्याने गमावला.

एवढे मोल देऊन त्याच्या पदरी काय पडले? व्हर्जिनियाने हेंडर्सनचे खरेदीपत्र रद्द केले आणि कबूल केलेली जमीन बुडाली. केंटकीत सरकारी मोजणी आधी झालेली नव्हती. ज्याने त्याने झाडाच्या वा ओढ्याच्या खुणेवर हद्द आखून दावा लावायचा. त्यामुळे दावे कौलांसारखे एकावर एक चढले आणि सुगी झाली वकिलांची. बून स्वतः मोजणीदार होता. त्यानेही जमिनींचा सट्टा केला, गुलाम बाळगले. साधुपुरुष तो नव्हता. पण कागदाच्या लढाईत तो हरत गेला. १७९८ साली केंटकीने एका परगण्यास त्याचे नाव दिले आणि त्याच वर्षी साक्षीस हजर न राहिल्याबद्दल त्याच्यावर पकड वॉरंटही काढले.

१७९९ साली, पासष्टाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तो स्पेनच्या ताब्यातील मिसुरीत गेला. स्पॅनिश अंमलाने त्यास ८५० एकर जमीन आणि न्यायाधिकाऱ्याचे पद दिले. १८०३ साली तो मुलूख अमेरिकेने घेतला आणि कागद अपुरे म्हणून तीही जमीन गेली. १८१४ साली काँग्रेसने ती परत दिली, परंतु केंटकीतील जुनी देणी फेडण्यासाठी बहुतेक विकावी लागली. २६ सप्टेंबर १८२० रोजी मुलाच्या घरी त्याने देह ठेविला. १८४५ साली त्याचे अवशेष म्हणून जे उकरण्यात आले, ते केंटकीने समारंभपूर्वक राजधानीत नेऊन पुरले. जमिनीचा तुकडाही ज्याच्या हाती राहू दिला नाही, त्यास समाधीपुरती जागा मात्र मिळाली.

१८०० साली केंटकीची लोकसंख्या सुमारे २ लाख २० हजार होती. त्यांतील कितीतरी लोक बूनच्या वाटेने आले होते. बून्सबरो मात्र पुढे ओस पडले. ज्यांस कागद ठाऊक नव्हता त्या शॉनींची भूमी बूनने घेतली. ज्यांस कागद पुरता ठाऊक होता त्यांनी ती बूनकडून घेतली. पहिल्या अन्यायाची भरपाई दुसऱ्याने होत नाही, हेही येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. नगरांच्या संस्थापकांचे पुतळे उभारताना त्यांच्या धैर्यास वंदन अवश्य करावे; परंतु तेथे आधी कोण होते आणि नंतर मालक कोण झाले, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून तो इतिहास पुरा होत नाही. ते प्रश्न केंटकीपुरते आहेत, असे आम्हांस वाटत नाही.