जॉनी वॉरन: बुडापेस्ट क्लबचा सिडनीकर
मॉरिशसमध्ये हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स अशा जमातवार फुटबॉल क्लबांचा काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे. ऑस्ट्रेलियातही बाहेरून आलेल्यांनी आपापले क्लब काढले होते. सिडनीतील सेंट जॉर्ज बुडापेस्ट हा हंगेरियन लोकांचा.

जॉनी वॉरन यांचा जन्म सिडनीचाच, १९४३ सालचा. तेथील इंग्रजी वळणाचे लोक क्रिकेट आणि रग्बीचे वेडे. फुटबॉल हा परक्यांचा खेळ म्हणून नाक मुरडीत. वॉरन मात्र १९६३ साली हंगेरियनांच्या या क्लबात गेले आणि १९७४ पर्यंत तेथेच रमले. परक्यांकडून खेळ शिकायला त्यांना कमीपणा वाटला नाही. आम्हाला हीच त्यांची मोठी कमाई वाटते. १९६७ साली ते देशाचे कर्णधार झाले. १९७४ साली ऑस्ट्रेलियाचा संघ प्रथमच विश्वचषकाला गेला, पण पूर्व जर्मनीविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात वॉरन यांच्या पायाला दुखापत झाली आणि पुढचे सामने त्यांनी बाहेरूनच पाहिले.

पुढे त्यांनी दूरचित्रवाणीवरून फुटबॉलचा प्रचार केला. जोडीला होते लेस मरे, तेही हंगेरीतून लहानपणी आलेले!

६ नोव्हेंबर २००४ रोजी वॉरन कर्करोगाने वारले. पुढच्याच वर्षी, १६ नोव्हेंबरला, त्यांच्याच सिडनीत उरुग्वेला हरवून ऑस्ट्रेलियाने ३२ वर्षांनी विश्वचषकात पुन्हा जागा मिळवली.