कै. ठक्करबाप्पा : पंचेचाळिसाव्या वर्षीचा राजीनामा

मुलगा इंजिनिअर होऊन चांगल्या चाकरीस लागला की आपल्या ज्ञातीतील घराघरांतून पेढे वाटले जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु वीस-बावीस वर्षे केलेली अशी चाकरी कोणी पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर आपण होऊन सोडली, तर आप्तेष्ट त्यास काय म्हणतील हे वाचकांस सांगावयास नको. अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर यांनी नेमके हेच केले. ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत. भावनगरच्या एका साध्या लोहाणा कुटुंबात दि. २९ नोव्हेंबर १८६९ रोजी त्यांचा जन्म झाला. तथापि त्यांच्या आयुष्याचे धागे पुणे, सांगली आणि मुंबई यांच्याशी इतके गुंतलेले आहेत की, त्यांस परके मानणे अवघड आहे.

मॅट्रिकनंतर ते पुण्यास आले व १८९० साली एल. सी. ई. ही स्थापत्यशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडले. पुढे काठेवाडात वढवाण, पोरबंदर येथे त्यांनी नोकऱ्या केल्या. मग ते समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत गेले. तेथे युगांडा रेल्वेचे काम चालू होते. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतच्या त्या मार्गावर हजारो हिंदी मजूर राबत होते आणि त्यांतील सुमारे अडीच हजार तेथेच मृत्युमुखी पडले. परत आल्यावर ते सांगली संस्थानात मुख्य इंजिनिअर झाले. सांगलीचा हा मुक्काम अल्प काळाचाच. परंतु याच काळात नामदार गोखले आणि अण्णासाहेब कर्वे यांच्याशी त्यांचा परिचय घडला. विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वाहिलेला गणिताचा प्राध्यापक आणि देशसेवकांची संस्था उभारणारा राजकारणी ही दोन माणसे जवळून पाहिल्यावर आपल्या पगाराकडे पूर्वीच्याच डोळ्यांनी पाहणे सोपे राहत नाही.

सांगलीहून ते मुंबई म्युनिसिपालिटीत आले. त्यांच्या कामाच्या वाटेवर कुर्ला होते, आणि सगळ्या शहराचा केरकचरा त्या बाजूस नेऊन टाकला जात असे. तो उपसणाऱ्या भंगी व इतर अस्पृश्य कामगारांच्या वस्त्या त्यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिल्या. घाणीच्या ढिगांलगतची खोपटी, आणि सावकारी व्याजात बुडालेली कुटुंबे! शहर स्वच्छ राहावे म्हणून ज्यांचे हात राबतात त्यांच्याच घराजवळ सगळी घाण साठते, ही गोष्ट त्यांच्या मनास फार लागली. इतर अधिकाऱ्यांसही ती दिसत असणारच. ठक्करांनी ती आपल्या अंगाला लावून घेतली, एवढाच काय तो फरक.

घरचे सुखही त्यांच्या वाट्यास फारसे आले नव्हते. पत्नीवियोगाचे दुःख त्यांनी सोसले होते. पण केवळ उदासीनतेने त्यांनी नोकरी सोडली, असे समजणे चुकीचे होईल. १९१४ साली राजीनामा देऊन ते भारत सेवक समाजात दाखल झाले. ही गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापिलेली संस्था. तेथे सभासदास निर्वाहापुरतेच वेतन मिळे. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९१५ मध्ये, गोखले निवर्तले. ज्यांच्या भरवशावर घर सोडले तेच गेले, तरी ठक्कर मागे फिरले नाहीत.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांनी व्यवसाय सोडला, पण इंजिनिअरची रीत सोडली नाही. आधी जागेवर जाऊन पाहणी, मग आकडे, मग काम! मुंबईच्या भंगी कामगारांसाठी त्यांनी प्रथम सहकारी पतपेढ्या काढल्या. कारण खरे दुखणे कर्जात आहे हे त्यांनी ओळखले होते. जमशेटपूरला टाटांच्या कारखान्यातील मजुरांची स्थिती त्यांनी तपासली, ओरिसाच्या दुष्काळात अन्न पोहोचविले. पंचमहालातील भिल्लांची उपासमार पाहून १९२२ च्या सुमारास दाहोद येथे भिल्ल सेवा मंडळ स्थापन केले, आणि नुसत्या धान्यवाटपावर न थांबता शाळा व आश्रम उभे केले. लोक त्यांस बापा म्हणू लागले. मराठीत त्याचे बाप्पा झाले.

१९३२ साली हरिजन सेवक संघाचे ते सरचिटणीस झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विलायतेच्या वाटेवर बोटीवरून त्यांस एक दीर्घ पत्र लिहिले. संघाने विहिरी, शाळा, रस्ते यांवरील नागरी हक्कांसाठी थेट झगडावे, असा त्याचा आशय होता. संघाने तो मार्ग घेतला नाही. सवर्णांचे मन वळविणे आणि शिक्षणादी सोयी यांवरच भर दिला. प्रस्तुत लेखकास वाटते की, या मुद्द्यावर बाबासाहेबांचे म्हणणेच अधिक खरे होते. बाप्पांच्या कष्टांविषयीचा आदर त्याने कमी होत नाही, परंतु चरित्र लिहिताना ही बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे.

सत्तरी उलटल्यावरही त्यांची पायपीट थांबली नाही. १९४६ साली ते नोआखालीत होते. घटना समितीत आसामखेरीज इतर प्रांतांतील आदिवासी प्रदेशांचा विचार करणाऱ्या उपसमितीचे ते अध्यक्ष होते, आणि १९४८ साली त्यांनी भारतीय आदिमजाती सेवक संघ स्थापिला. जानेवारी १९५१ मध्ये भावनगरला त्यांचे देहावसान झाले.

मुंबईत कुर्ला-चेंबूरच्या बाजूस, जेथे पूर्वी शहराचा कचरा जाई त्याच परिसरात, चर्मकाम करणाऱ्यांची एक दाट वस्ती आहे. तिचे नाव ठक्करबाप्पा कॉलनी.