सुभेदार रामजी : पलटणीतून आणलेली पाटी-पेन्सिल

बाबासाहेबांची जयंती आपण दरवर्षी थाटात करतो. पण बाबासाहेब घडले कुणाच्या हाताखाली, हे घरातल्या पोरांना विचारलं तर फार थोडी सांगतात. म्हणून बाबासाहेबांचे पिताजी सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांची ही थोडक्यात ओळख.

सकपाळांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले आंबडवे. गावात महार माणसाच्या वाट्याला काय होते? वेसकरी, गावकीची हलकी कामे, आणि मोबदल्यात शिळी भाकर. शाळेची पायरीसुद्धा चढायची सोय नव्हती. अशा काळात रामजींचे वडील मालोजी कंपनी सरकारच्या पलटणीत भरती झाले. पुढे रामजीही त्याच वाटेने गेले. रामजींचे सासरे मुरबाडकर हेही लष्करातले सुभेदार. म्हणजे भीमाबाई आणि रामजी, दोन्हीकडची घरे पलटणीचीच.

पलटणीने या माणसांना काय दिले? एक तर दरमहा रोख पगार. गावात बलुत्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागे, इथे पहिल्यांदाच स्वतःच्या हक्काचा पैसा हातात आला. दुसरे, नोकरी संपल्यावर पेन्शन. आणि तिसरे, सगळ्यात मोठे म्हणजे शिक्षण. त्या काळी पलटणीत शिपायांच्या मुलामुलींना शिकणे सक्तीचे होते. मुलांसाठी दिवसाची शाळा आणि मोठ्या माणसांसाठी रात्रीची शाळा. इंग्रजांनी हे काही आपल्यावर माया म्हणून केले नव्हते, त्यांना शिकलेला शिपाई पाहिजे होता. पण आपल्या माणसांनी त्या संधीचे सोने केले, हेही तितकेच खरे.

रामजी स्वतः शिकले आणि पुण्यात शिक्षकाचे ट्रेनिंग घेऊन पलटणीच्या शाळेत मास्तर झाले. सुमारे चौदा वर्षे ते मुख्याध्यापक होते. सुभेदारापर्यंत हुद्दा चढला. महूच्या छावणीत असताना 14 एप्रिल 1891 रोजी त्यांना चौदावे अपत्य झाले, तेच आपले भीमराव.

पुढे एक घाव बसला. 1892 च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांनी रक्त सांडले त्यांनाच दार लावून घेतले! हा नुसता पगाराचा प्रश्न नव्हता. भरती गेली म्हणजे पलटणीची शाळाही गेली, पुढची पिढी पुन्हा गावकीत. रामजींनी हे बरोबर ओळखले. बंदी उठावी म्हणून त्यांनी खटपट केली, अर्जासाठी न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य घेतले. त्यांच्या हयातीत काही दार उघडले नाही.

सेवानिवृत्तीनंतर रामजी आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. तिथे बांधकाम खात्यात नोकरी धरली. 1896 साली भीमाबाई गेल्या. घरात पोरे लहान, पैसा तुटपुंजा. तरी शिक्षणात त्यांनी कधी काटकसर केली नाही. मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत संसार. भीमाला अभ्यासासाठी पहाटे दोनला उठवायचे म्हणून हा म्हातारा माणूस स्वतः जागा राहायचा. पोराला पुस्तक पाहिजे आणि हातात पैसे नाहीत, तर लग्न झालेल्या मुलींकडून उसने आणायचे, नाहीतर त्यांचा दागिना गहाण टाकायचा आणि पेन्शन आली की सोडवून द्यायचा. थोरल्या आनंदरावांनी शिक्षण सोडून नोकरी धरली, म्हणून धाकट्याची शाळा चालू राहिली, हेही विसरू नये.

1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. सत्काराच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि 1912 साली भीमराव बी.ए. झाले. रामजींनी हे डोळ्यांनी पाहिले. 2 फेब्रुवारी 1913 रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मुलगा अमेरिकेला गेला, ते काही त्यांना पाहता आले नाही.

आणि लष्कराचे ते बंद दार? पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 साली महारांची पलटण उभी केली आणि गरज सरताच 1921 साली मोडली. शेवटी 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्यासाठी बाबासाहेबांनी जोर लावला होता. बापाचा अर्ज मुलाने मंजूर करून घेतला, असेच म्हणावे लागेल.

आजही आपल्या वस्तीतली मुले भरतीला धावतात. धावू द्या, पगार चांगलाच आहे. पण रामजींचे एवढे ध्यानात ठेवावे, की पलटणीतून पुष्कळांनी पगार घरी आणला, रामजींनी पाटी-पेन्सिल आणली. पगार महिन्यात संपतो. पाटीवर काय उमटले, ते आपण सगळे आहोतच.

सुभेदार रामजींना विनम्र अभिवादन. जय भीम!