नफ्याआधी माणूस : जमशेटजी टाटा



धंद्यात निर्णय घेताना आपण आधी काय पाहतो, नफा की माणूस? या प्रश्नाचे उत्तर आपल्या विदर्भातच एका उद्योगपतीने कृतीतून दिले होते. त्यांचे नाव जमशेटजी नसरवानजी टाटा.

३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी येथे एका पारशी पुरोहित घराण्यात त्यांचा जन्म झाला. त्या काळी गिरण्या मुंबईत निघत. जमशेटजींनी मात्र कापूस पिकतो त्या मुलखातच गिरणी काढायचे ठरविले. १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली.

सुरुवातीला कामगारांच्या गैरहजेरीने मिल हैराण झाली. शंभरातले वीसेक जण कामावर येत नसत. दंड करणे, कामावरून काढणे हा सोपा मार्ग होता. जमशेटजींनी दुसरा मार्ग धरला. कामगाराला मिल आपली वाटावी, अशी व्यवस्था त्यांनी केली. आत हवा खेळती ठेवली, आग विझविण्यासाठी पाण्याचे फवारे बसविले. १८८६ साली पेन्शन फंड सुरू केला. १८९५ पासून कामावर जखमी होणाऱ्यास भरपाई मिळू लागली. असा कायदा भारतात १९२३ साली झाला. त्यांनी त्याची वाट पाहिली नाही.

दुसरा निर्णय स्वतःच्या कमाईचा. गिरणी चालविणारे एजंट तेव्हा तयार मालाच्या वजनावर कमिशन घेत. गिरणी तोट्यात गेली तरी त्यांचा खिसा भरे. जमशेटजींनी आपले कमिशन नफ्यावर ठेवले. भागधारकांचे नुकसान आणि आपला फायदा, हा हिशेब त्यांना मान्य नव्हता.

कामगारांच्या हक्कांविषयी पोप तेरावे लिओ यांचे 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक १८९१ साली निघाले. त्याच सुमारास नागपुरात एक पारशी गृहस्थ त्याच वाटेने चालत होते, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. २००२ साली एम्प्रेस मिलही बंद पडली. त्यांनी घालून दिलेला धडा मात्र जुना झालेला नाही.

आपल्या बीबीत कोणाची मिल नाही. पण कोणाचे दुकान आहे, कोणाचे शेत आहे. वेचणीला आलेल्या बाईचा कापूस आपण खऱ्या काट्यावर तोलतो का? मजुराचा रोज बाजाराच्या दिवसाआधी त्याच्या हाती पडतो का? या आठवड्यात प्रत्येकाने आपला हिशेब स्वतः तपासून पाहावा.