राजाची लाडकी, दरबाराची नावडती

ती राणी नव्हती. तरी फ्रान्सच्या दरबारात चर्चा असायची तिचीच. तिचं नाव आन्येस सोरेल.

जन्म १४२२च्या आसपास, छोट्या सरदार घराण्यात. लॉरेनच्या इझाबेलच्या सेवेत असताना सातव्या चार्ल्स राजाची नजर तिच्यावर पडली. जोन ऑफ आर्कने १४२९ साली ज्याला राज्याभिषेकापर्यंत नेलं, तोच हा चार्ल्स. तो चाळिशीचा, ही विशीतली. घरी राणी मारी आणि मुलाबाळांचं मोठं खटलं!

राजाचं अंगवस्त्र असणं तेव्हा नवं नव्हतं, पण ते पडद्याआड असायचं. चार्ल्सने हिला थेट दरबारात मान दिला. फ्रान्सच्या राजाची पहिली अधिकृत प्रेयसी म्हणून इतिहास तिलाच ओळखतो. राजाने तिला मार्न नदीकाठचा बोते नावाचा वाडा दिला. बोते म्हणजे सौंदर्य. झालं, लोक तिला सौंदर्याची मालकीणच म्हणू लागले.

तिचे खोल गळ्याचे, लांबलचक घोळाचे पोशाख बघून लोक नाकं मुरडायचे. युवराज लुई तर तिचा पक्का वैरी. राजापासून तिला तीन मुली झाल्या.

१४५०चा हिवाळा. राजा नॉर्मंडीत इंग्रजांशी लढत होता. आन्येस पोटुशी असतानाच लांबचा प्रवास करून त्याच्याकडे गेली. ज्युमिएजजवळ ती बाळंत झाली आणि ९ फेब्रुवारीला गेली. वय जेमतेम अठ्ठावीस. बाळही जगलं नाही.

मग कुजबुज सुरू झाली, विष दिलं! पुढच्याच वर्षी राजाचा धनाढ्य खजिनदार जाक कर याच्यावर आळ आला. खरं तर आन्येसने स्वतःच्या मृत्युपत्राची जबाबदारी ज्यांच्यावर सोपवली, त्यांत तोही होता. विषाचा आरोप टिकला नाही. पण बाकीच्या आरोपांखाली त्याची मालमत्ता गेलीच.

साडेपाचशे वर्षांनी, २००४-०५मध्ये, लॉश गावातल्या तिच्या अवशेषांची शास्त्रज्ञांनी तपासणी केली. पोटात जंत झाल्याच्या खुणा मिळाल्या, आणि पारा सापडला, तोही प्रचंड! जंतांवर तेव्हा पारा औषध म्हणून देत. पण एवढा?

कुणी मुद्दाम दिला की औषधाचाच डोस चुकला, हे कोडं मात्र प्रयोगशाळेलाही सुटलं नाही. लॉशच्या चर्चमध्ये तिची संगमरवरासारखी पांढरी मूर्ती आजही पहुडलेली आहे, पायाशी दोन कोकरं घेऊन.